चार सेंटिमीटर की पाच?

जीएनएम नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला लेबर रूमचं पोस्टिंग लागलं आणि प्रसूतीची प्रगती नोंदवणारा पार्टोग्राफ भरणं रोजचं झालं. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की आलेख सुरू करायचा. तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने अलर्ट लाइन, तिच्या चार तास पुढे ॲक्शन लाइन. पुस्तकात तेच, छापील फॉर्मवर तेच.

एका रात्री हॉस्टेलवर इन्स्टाग्राम चाळताना एका परदेशी मिडवाइफची रील दिसली. प्रसूतीचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरा, असं ती सांगत होती. रीलवर विसंबायचं नाही, मूळ कागद शोधायचा, असा आमच्या ट्यूटर मॅडमचा धाक. म्हणून आम्ही तिघी मैत्रिणी जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर गेलो. मी मराठी माध्यमातली, इंग्रजी अडखळत वाचते, पण सापडलं. 2018च्या शिफारशींत पाच सेंटिमीटरच होतं, आणि 2020मध्ये पार्टोग्राफच्या जागी नवा तक्ताही आला होता. कारणही दिलं होतं : नॉर्मल डिलिव्हरी होणाऱ्या कित्येक जणींचा वेग तासाला एक सेंटिमीटर नसतोच, तेवढ्यावरून घाई केली तर नको तिथे कळा वाढवल्या जातात, सिझेरियन होतं. मला मात्र वेगळंच लागलं. बाईसोबत तिचं माणूस आहे का, ती काही प्याली का, हेही त्या तक्त्यात भरायचं असतं. आमच्याकडे नातेवाईक दाराबाहेर उभे.

बाकी मोबाइलवर मी शिकले ते साधंच. पाचशे मिली सलाइन आठ तासांत द्यायचं, सेट वीस थेंबांचा, तर मिनिटाला एकवीस थेंब : हे गणित यूट्यूबवर एका मराठी सिस्टरनी फळ्यावर सोडवलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. टेलिग्रामवरचे नॉरसेट परीक्षेच्या तयारीचे बहुतेक ग्रुप मी सोडले. एकाच प्रश्नाची दोन ग्रुपवर दोन उत्तरं. आणि बॅचमधल्या एकीने नवजात बाळासोबत रील टाकली, त्यात बाळाच्या हातावरच्या पट्टीवर आईचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. लाइक भरपूर मिळाले. आम्ही मागे लागून ती काढायला लावली.

पाच सेंटिमीटरचं मॅडमना दाखवलं. "परीक्षेत पुस्तकातलं लिही," त्या म्हणाल्या, "पण शुक्रवारच्या क्लासला हा विषय तू घे."

क्लासला लेबर रूमच्या इनचार्ज सिस्टरही आल्या. त्यांनी मध्येच विचारलं, "म्हणजे चारला आलेल्या बाईकडे बघायचंच नाही का गं?"

"बघायचं सिस्टर. बाळाचे ठोके, कळा, नाडी, बीपी, सगळं. फक्त तेवढ्यात वेग कमी म्हणून ऑक्सिटोसिन लावायची घाई नको."

त्यांनी शिफारशींची पीडीएफ वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सांगितली. फॉर्म अजून जुनाच आहे. सोबतचं माणूस आत घ्यायचं की नाही यावर मात्र ग्रुपवर दोन दिवस वाद चालला, आणि सर्वांत जास्त लिहिलं ते नाइटच्या सिस्टरांनी.