दुसरी खिडकी चालू आहे का?

बर्लिनमध्ये फ्लॅटला सहसा नंबर नसतो. खाली दरवाज्यापाशी घंट्यांची पाटी असते, तिच्यावर नुसती आडनावं. पोस्टमन, पार्सलवाला, पाहुणा, सगळे त्यावरूनच घर शोधतात. त्यामुळे इथे राहायला आलेल्या कुलकर्णी-जाधवांचं आडनाव लगेच रस्त्यावर झळकतं. आणि याच देशात २०१० साली गूगलचं स्ट्रीट व्ह्यू सुरू झालं, तेव्हा सुमारे २,४४,००० कुटुंबांनी आपली घरं नकाशावर पुसट करून घेतली. नव्या माणसाला हा विक्षिप्तपणा वाटतो. पण पाटीवरचं नाव ज्याचं त्याने लावलेलं असतं. फोटो कुणी न विचारता काढलेला असतो. फरक तेवढाच, आणि तो इथे फार मोठा मानतात.

१९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणनेला लोकांनी कडाडून विरोध केला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने निकाल दिला: आपली माहिती कुणाला आणि किती द्यायची, हे ठरवण्याचा हक्क माणसाचाच. पूर्व जर्मनीत तेव्हा श्टाझी या गुप्त पोलिसांची कपाटं भरत होती. पुढे उरलेल्या फाइली मोजल्या तेव्हा त्यांची रांग १११ किलोमीटर भरली. पूर्वेत वाढलेल्या माझ्या शेजारीणबाई आजही पावाचे पैसे नाण्यांत मोजून देतात आणि दुकानाचं पॉइंट जमवायचं कार्ड घेत नाहीत. त्यांना कारण विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

आपली गोष्ट वेगळी. परदेशी माणसाच्या निवास परवान्याच्या चिपमध्ये दोन बोटांचे ठसे असतात. घर बदललं की दोन आठवड्यांत नोंदणी करायची. घर हवं असेल तर पगाराच्या चिठ्ठ्या आणि शूफाचा दाखला, म्हणजे आपण देणी वेळेवर फेडतो का याची कुंडली, अनोळखी घरमालकापुढे ठेवायची. तिथे ‘नको’ म्हणायची सोय नाही. ती सोय फोनमध्ये थोडीफार उरली आहे, म्हणून मी फोनवर ग्राफीनओएस घातलं.

हे सॉफ्टवेअर गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालतं. गूगलपासून सुटायला गूगलचंच दुकान गाठावं लागतं. बाकी काम सोपं आहे. केबल जोडायची, ब्राउझरमध्ये सांगतात तशी बटणं दाबायची. फोन सुरू होतो तो गूगलशिवाय. गूगलच्या सेवा हव्याच असल्या तर घालता येतात, पण इतर अॅपसारख्या, कुठलाही खास अधिकार न घेता. एखाद्या अॅपचं इंटरनेट साफ बंद करता येतं. व्हॉट्सअॅपला नातेवाईक दाखवायचे आणि डॉक्टर, घरमालक, ऑफिस दाखवायचं नाही, हेही जमतं. आईला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि पहिला प्रश्न ‘जेवलीस का गं?’ हाच असतो.

वैताग सुरू होतो तो घराबाहेर. बँकेचं अॅप उघडताना गूगलला विचारतं, हा फोन तुम्ही मान्य केलेला आहे का? उत्तर ‘नाही’ आलं की काही बँका दार लावून घेतात. फोन टेकवून पैसे देणं गूगलच्या पाकिटातून होत नाही. काही पार्सलपेट्यांना पडदाच नसतो. अॅप आणि ब्लूटूथ असेल तरच कप्पा उघडतो. भारतातल्या माझ्या बँकेच्या अॅपला भारतीय सिम त्याच फोनमध्ये लागतं, आणि हा फोन त्याला ‘असुरक्षित’ वाटतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात वेळच्या वेळी येतात तरीही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण ते अॅपला कोण सांगणार? त्या एका बँकेसाठी जुना फोन खणात चार्ज करून ठेवला आहे.

ज्या अडचणी सुटल्या त्या सॉफ्टवेअरने सुटल्या नाहीत. इथल्या बँकेने टॅनचं, म्हणजे व्यवहारासाठी एकदाच चालणारा आकडा देणारं, छोटं यंत्र विकत दिलं: त्यात कार्ड सरकवायचं, पडद्यावरची खूण यंत्राला दाखवायची, मिळालेला आकडा टाकायचा. देशभराच्या प्रवासाचं डॉइचलांड-तिकीट मला प्लॅस्टिकच्या कार्डावर मिळालं. औषधाच्या दुकानात रोख चालते. म्हणजे माझा खासगीपणा टिकला तो कुणीतरी दुसरी खिडकी चालू ठेवली म्हणून. आणि या खिडक्या बंद होत चालल्या आहेत. जून २०२४ पासून रेल्वेचं सवलतीचं बाहनकार्ड प्लॅस्टिकचं मिळेनासं झालं. अॅप नको असलेल्यांसाठी छापून घ्यायचा कागद तेवढा उरला. डिजिटालकुराश ही संस्था त्याच वर्षापासून मागणी करते आहे की, डिजिटल सक्तीशिवाय जगण्याचा हक्क राज्यघटनेतच लिहा. अॅप न वापरणारा माणूस हा उपटसुंभ नव्हे, नागरिक आहे, एवढंच तिचं म्हणणं. मला ते फोनच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तांत्रिक हौस असलेला माणूस मार्ग काढेल. शेजारीणबाईंनी काय करायचं?

म्हणून हल्ली नवं कुणी विचारलं, ‘ताई, फोनवर काय घालू?’ तर सॉफ्टवेअरचं नाव मी शेवटी सांगते. आधी विचारते, तुझी बँक यंत्र देते का? तिकीट कार्डावर मिळतं का? डॉक्टरची वेळ फोन करून घेता येते का? जिथे ‘हो’, तिथे बिनधास्त बदल. जिथे ‘नाही’, तिथे आधी रीतसर पत्र लिही आणि रजिस्टर्ड पाठव. या देशात कागदावरच्या पत्राला अजून उत्तर येतं.