जागा कुणाची?

समुद्रकिनारी तंबूत राहायचं म्हणून होटगीत माझ्याकडे जी मंडळी येतात, ती बहुतेक सामानाची यादी घेऊनच येतात. तंबू किती माणसांचा, शेगडी कुठली, बॅटऱ्या किती. यादी चांगलीच असते, शेंगाचटणी आणि कडक भाकरीसुद्धा त्यात असते. मी ती वाचायच्या आधी एवढंच विचारते: जिथे झोपणार ती जागा कुणाची आहे, आणि त्यांना विचारलं का?

होटगीहून कोकणचा किनारा रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडे रेल्वेचं जंक्शन आहे, गदगकडे जाणारा फाटा इथूनच फुटतो. तलाव आहे, समुद्र नाही. तरी दुसऱ्याच्या जमिनीवर मुक्काम कसा करावा हे मी याच रानात शिकले, धनगरांकडे बघून. ज्वारी निघाली की शेतात धसकटं उरतात आणि मेंढरं येतात. त्याआधीच शेतकऱ्याशी बोलणं झालेलं असतं. मेंढरं किती रात्री बसवायची, कुठल्या पट्ट्यात, बदल्यात धान्य की पैसे, विहिरीचं पाणी कधी भरायचं. मग मेंढरांभोवती जाळ्याची वाघर लागते, घोड्यावरून बिऱ्हाड उतरतं, पाल उभं राहतं. धनगरांचा वाडा उठतो तेव्हा रानात लेंडीखत असतं, आणि पुढच्या साली शेतकरी स्वतः निरोप धाडतो. पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातले कित्येक धनगर पावसाळा सरला की घाट उतरतात आणि भात कापलेल्या खाचरांत असेच मुक्काम करत कोकणात हिंडतात. पठारावरच्या माणसानं कोकणात मुक्कामाला जायची ही वाट फार जुनी आहे, आणि ती विचारूनच पडलेली आहे.

मी मंडळींना नेते ती बहुधा मंडणगड तालुक्यातल्या वेळासला. पुणे, ताम्हिणी, माणगाव करत बागमांडल्याला पोचायचं, तिथून जंगलजेट्टी म्हणतात त्या फेरीबोटीनं बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आता लोक येतात ते ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे संवर्धनाचं काम सुरू केलं, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. मादी रात्री वाळूत शंभर-दीडशे अंडी घालून जाते. गावातले लोक पहाटे माग काढत ती उचलतात, कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरतात, आणि ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडतात. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात. मोदक, सोलकढी, ओटीवरची झोप, सगळं त्यांच्या घरचं, आणि त्याचे पैसेही त्यांच्याच घरात जातात.

आणि मी वेळासच्या वाळूवर तंबू ठोकत नाही. यावरून माझ्याशी लोक फार वाद घालतात. पिल्लू उजेडाच्या दिशेनं धावतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ असतं ते पाण्यावरचं आकाश, म्हणून ते बरोबर समुद्राला मिळतं. तिथे आपला कंदील किंवा मोबाइलची बॅटरी लागली की त्याची दिशा चुकते. अंडी घालायला आलेली मादीही उजेड आणि माणसांची वर्दळ पाहून माघारी फिरते. गावानं सांगितलेल्या वेळी, गावानं आखलेल्या दोरीच्या मागे उभं राहायचं. ज्यांना तंबूतच झोपायचं असतं त्यांच्यासाठी मी दुसऱ्या गावात, मालकाला विचारून, किनाऱ्यामागची वाडी शोधते.

तंबूची जागा ठरवताना भरती बघावी लागते, आणि तीही गावातल्या माणसालाच विचारावी. कोकणातला साधा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हीच वेळ दिवसा आणि साधारण तीच रात्रीही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा त्याची धाव कमी. संध्याकाळी कोरडी दिसणारी वाळू उधाणाच्या मध्यरात्री पाण्याखाली जाते. आमच्या मुरमात लोखंडी खुंटी दोन घावांत बसते, वाळूत ती बसतच नाही. पोत्यात वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पोतं आडवं पुरायचं. मग वाऱ्यानं तंबू सहजासहजी जागचा हलत नाही.

माझा भाचा मेलबर्नला असतो. गेल्या वर्षी त्यानं ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला, कोबर्ग द्वीपकल्पावर मुक्कामाला जायचं ठरवलं, आणि आखणी आम्ही फोनवर मिळून केली. तिथलं गरिग गुनाक बार्लू हे राष्ट्रीय उद्यान १९८१ पासून सरकार आणि जमिनीचे मूळ मालक मिळून चालवतात. त्या देशातलं असं ते पहिलंच. रस्ता आर्नहेम लँडमधून, म्हणजे १९७६ च्या कायद्यानं आदिवासींच्या मालकीच्या ठरलेल्या मुलखातून जातो. जायचं ते मे ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांत, आणि परवाना आधी हातात हवा. ठरलेला रस्ता सोडून गाडी आत घालायची नाही. समुद्रात पोहायचं नाही, कारण खाऱ्या पाण्यातल्या मगरी. भाच्याचा डिझेल, पाणी, चाकातली हवा यांचा हिशेब चोख होता. मी त्याला म्हटलं, रजेचा अर्ज आणि विमानाचं तिकीट परवान्यानंतर. तारखा मूळ मालकांच्या सोयीनं धर, आणि नाही म्हणाले तर कुठे जायचं तेही आत्ताच लिहून ठेव.

तिथला एक निकाल मला फार मोलाचा वाटतो. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं ब्लू मड बे खटल्यात सांगितलं, की आदिवासींच्या जमिनीलगत भरती आणि ओहोटीच्या रेषांमधल्या पट्ट्यावर पाणी चढलेलं असतानाही त्यात शिरायला त्यांची परवानगी लागते. नॉर्दर्न टेरिटरी या तिथल्या उत्तरेकडच्या प्रांताचा सुमारे ८० टक्के किनारा त्यात येतो. पाऊणपटीचा हिशेब करून आपण ज्या ओल्या वाळूचा अंदाज घेतो, तिलाही तिथे मालक आहे.

आपल्याकडेही हे परकं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तिथे बाहेरच्या माणसानं ग्रामसभेला विचारायचं असतं. कोकणच्या किनाऱ्याला असा कागद बहुतेक ठिकाणी नाही. म्हणूनच विचारण्याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते. परवाना देणारं कार्यालय नसलं म्हणून त्या वाळूवर होड्या ओढणारा कोळी आणि जाळी वाळवणारी त्याची बायको कुठे जात नाहीत.

तेव्हा या हिवाळ्यात किनाऱ्यावर जायचं मनात असेल तर तंबू विकत घेण्याआधी त्या गावात फोन करा. सरपंचांना, मच्छीमार सोसायटीला, नाहीतर ज्यांच्या घरी जेवणार त्यांना. किती माणसं, किती रात्री, कचरा कुठे नेणार, हे तुम्ही होऊन सांगा. ते नको म्हणाले तर का, असं विचारत बसू नका. दुसरी तारीख मागा किंवा दुसरं गाव बघा.