वाट न बदलणारी बोट
(भद्रावती ते चोडण : प्रवासाची दैनंदिनी, लेखांक पहिला)

पहिला दिवस : भांदक ते मुंबई

गावाचं नाव भद्रावती, स्टेशनाच्या पाटीवर मात्र अजून भांदक. इथून जंगल पाहायला निघालेला माणूस मोहर्लीच्या गेटकडे वळतो. ते गेट आमच्याच तालुक्यात आहे. ते सोडून उलट दिशेने वर्धा, भुसावळ करत समुद्र गाठायचा आणि कोकणातल्या फेरीबोटींच्या डेकवरून पक्षी-प्राणी पाहायचे, असा बेत ऐकला की चंद्रपूरकर विचारणारच, ‘वाघ सोडून बगळे पाहायला चालला का?’ प्रश्न रास्त आहे आणि पुढचे सहा दिवस त्याच्याच उत्तराचे आहेत. माझं म्हणणं एवढंच की ज्या वाहनाला प्राण्याशी काही देणंघेणं नाही, त्याच्यावरून प्राणी सगळ्यात चांगला पाहता येतो. ताडोबाला 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्यानंतर आमच्या भागात पाहण्याची जी रीत रुजली, तिचा सगळा भार ‘साइटिंग’ या एका शब्दावर आहे. साइटिंग झाली की सफारी वसूल, नाही झाली की पैसे पाण्यात. यात जिप्सीवाल्याला किंवा गाइडला दोष देणं सोपं, पण पर्यटक त्याला जंगलाचे पैसे देत नाही, वाघाचे देतो. मग गाडी वाघाच्या मागेच जाणार. ती कुठवर जाते हे 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात दिसलं. एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली, चित्रफीत घरोघरी पोचली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वाघीण त्या दिवशी सगळ्यांना अगदी जवळून दिसली. पण काय दिसलं? कोंडीत सापडलेली वाघीण. तिची रोजची चाल, तिचं थांबणं, बछड्यांना मागे घालून रस्ता ओलांडणं, यातलं काहीच त्या गर्दीत उरलं नव्हतं.

दुसरा दिवस : भाऊचा धक्का ते मांडवा

भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकात बांधला म्हणून भाऊचा धक्का. इथून 2020 पासून मांडव्याला रो-रो बोट जाते. पोटात गाड्या, वरच्या डेकवर माणसं. रस्त्याने शंभरेक किलोमीटरचा वळसा, पाण्यावरून साधारण तासाभराचं अंतर. आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मुंबईचं पाणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला फ्लेमिंगो आठवतात, पण ते उत्तरेला शिवडीच्या चिखलात आणि ठाण्याच्या खाडीत, जिथे 2015 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. मांडव्याच्या वाटेवर त्यांची आशा धरू नये. या वाटेवरचा पक्षी म्हणजे कुरव. थंडीत बोटीने धक्का सोडला की ते मागे लागतात आणि डेकच्या कठड्याला समांतर, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर, पंख न हलवता तरंगत राहतात. बोट पुढे सरताना हवा वर ढकलते, त्या उठावावर त्यांचं काम भागतं. पंखाची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरा ठिपका असेल तर तो तपकिरी डोक्याचा कुरव. नाव फसवं आहे, कारण आपल्याकडे असतो त्या बहुतेक काळात त्याचं डोकं पांढरंच असतं, कानाजवळ फक्त शाईचं बोट पुसल्यासारखा डाग. तपकिरी टोपी चढते ती परतायच्या सुमारास. हा लडाख आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी वीण करतो. आपल्या विदर्भातल्या तलावांवर हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब तशाच तळ्यांवरून येतात. म्हणजे भद्रावतीकराला हा पाहुणा अगदीच परका नाही.

इथेच माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप पंख पसरून उभा राहतो. प्राण्याशी बोटीला देणंघेणं नाही म्हणता, मग हे कुरव बोटीमागे का येतात? प्रवासी वेफर्स आणि कुरकुरे उडवतात म्हणून. हे नाकारण्यात अर्थ नाही. घासासाठी पढवलेला पक्षी आणि साइटिंगसाठी कोंडलेली वाघीण यांच्यात फरक प्रमाणाचा आहे, जातीचा नाही. मात्र हा दोष डेकवरच्या हातांचा आहे, बोटीचा नाही. तो हात आवरला तरीही काही पक्षी मागे राहतील, कारण बोटीमागे ढवळलेल्या पाण्यात लहान मासे वर येतात. समुद्रात कुरव बोटींच्या मागे लागतात ते याच हिशेबाने. दुसरी गोष्टही इथेच नोंदवतो. किनाऱ्याच्या लोकांसाठी डेक ही मौजेची जागा कधीच नव्हती. याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट 17 जुलै 1947 ला बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या पाण्यातल्या बेटाचं इंग्रजांनी ठेवलेलं नाव गल आयलंड, म्हणजे कुरवांचं बेट. ज्यांच्या घरात ती आठवण आहे त्यांनी या पाण्याकडे निवांत पाहावं, असा आग्रह कुणी धरू नये.

तिसरा दिवस : आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी

आज दोन खाड्या. पहिली राजपुरीची, दुसरी सावित्रीची. वेश्वीच्या बाजूला बाणकोटचा किल्ला आणि त्याच्या पलीकडे वेळास, जिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचं काम उभं केलं. दोन्ही खेपा लहान, चहा गार व्हायच्या आत संपणाऱ्या. इतक्या वेळात काय दिसणार, हा दुसरा आक्षेप. उत्तर भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात आहे. भरतीला खाडी म्हणजे नुसतं पाणी. ओहोटीत काठाचा चिखल उघडा पडतो, तिवरांची पेन्सिलीसारखी उभी श्वासमुळं दिसू लागतात आणि मघाशी कुठेच नसलेले बगळे, तुतवार, धीवर जणू जमिनीतून उगवतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी जास्त मागे हटतं. भांगाच्या दिवसांत कमी. त्यामुळे एकाच फेरीची सकाळची आणि दुपारची खेप या दोन वेगळ्या जागा असतात. जिप्सी चार तास फिरून जागा बदलते, इथे बोट आपली तीच रेघ ओढत राहते आणि जागा बदलायचं काम समुद्र करतो.

चौथा दिवस : दाभोळ ते धोपावे

वाशिष्ठीच्या मुखावरची ही फेरी 2003 मध्ये सुरू झाली. सपाट बुडाची बोट. पुढचा लोखंडी फाळका साखळ्यांच्या खडखडाटात सिमेंटच्या उतारावर टेकतो, गाड्या उलट्या घेऊन आत घालतात, फाळका उठतो आणि बोट सुटते. पलीकडच्या अंगाला अंजनवेलच्या वीजप्रकल्पाची धुराडी. औष्णिक केंद्राच्या सावलीत राहणाऱ्या चंद्रपूरकराला हा देखावा अनोळखी वाटायचा नाही, फक्त आपल्याकडचा धूर तिथे शोधावा लागतो.

माझ्या म्हणण्याचा खरा आधार या खाडीत आहे. इथे जो डॉल्फिन दिसतो तो हिंदी महासागरी कुबडा डॉल्फिन. कोळी त्याला गादा म्हणतात. सिनेमात उड्या मारतो तो हा नव्हे. पाठीवर लांबट उंचवटा, त्या उंचवट्यावर लहानसा पर. आधी लांब चोच पाण्याबाहेर येते, मग करडी पाठ सावकाश वळते, ‘फुस्स’ असा श्वास आणि पुन्हा सपाट पाणी. हा खोल समुद्रात जात नाही. साधारण 25 मीटरच्या आतल्या उथळ पाण्यात, किनाऱ्याला लागून आणि मुख्यतः खाड्यांच्या तोंडाशी राहतो, कारण भरतीबरोबर आत येणाऱ्या आणि ओहोटीबरोबर बाहेर पडणाऱ्या बोयींचा त्याला तिथे नाका सापडतो. आता फेरीबोट कुठे असते ते पाहा. किनाऱ्याचा रस्ता जिथे नदीच्या मुखाशी तुटतो, नेमकी तिथे. माणसाची अडचण आणि डॉल्फिनचं पोट एकाच ठिकाणी येतात. म्हणून दिवसातून अनेक वेळा त्याच्या घरातून जाणारी आणि तरीही त्याला शोधत नसणारी बोट कोकणात आयती मिळते. पाहायचं असेल तर ओहोटी सुरू झाल्यावर, ऊन पाठीशी घेऊन, मुखाच्या बाजूला तोंड करून उभं राहावं. नदीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं हिरवट पाणी जिथे भिडतं तिथे फेसाची एक रेघ उमटते, नजर त्या रेघेवर ठेवावी. ब्राह्मणी घार त्याच रेघेवर घिरट्या घालते. ती सूर मारत नाही. पृष्ठभागावरचा मासा नुसत्या पायांनी उचलते आणि बसायला जागा न शोधता उडता उडताच पायाकडे मान वाकवून खाते.

‘डॉल्फिन दाखवतो’ म्हणणाऱ्या होड्या याच किनाऱ्यावर मुरुड-हर्णैपासून तारकर्लीपर्यंत आहेत, गोव्यातही आहेत. त्यांत बसलं तर दिसण्याची शक्यता जास्त, हे खरं. पाठ वर आली की इंजिनाचा जोर वाढतो, चार होड्या चार बाजूंनी वळतात, कळप बुडी मारतो आणि दुसरीकडे निघाला की पुन्हा तोच खेळ. मोहर्लीकराला हे समजावून सांगायला नको. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी एकाच्या दोन झाल्यावर त्या पाण्यातले डॉल्फिन घटल्याचं दीर्घ अभ्यासात दिसलं. 2006 मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि तिथल्या सरकारने एक परवाना कमी केला. यावर कुणी म्हणेल, फेरीबोटीचं इंजिन काय गप्प असतं? तिचंही डिझेल, तिचाही पंखा, आणि डॉल्फिन तर आवाजावरच मासा शोधतो. मान्य. फेरी निरुपद्रवी आहे असा माझा दावाच नाही. ती एका वेगाने, एका रेघेवर, ठरल्या वेळी जाते; तिला टाळायचं असेल तर डॉल्फिनला बाजूला होता येतं. मागे लागणाऱ्या होडीला टाळण्याची सोय त्याला राहत नाही. शिवाय फेरी माणसांच्या गरजेपोटी चालते, आपण डेकवर उभे राहिलो म्हणून तिची एकही खेप वाढत नाही. तिकिटाच्या पैशात डॉल्फिन धरलेला नसतो, म्हणून तो दिसला नाही तरी खलाशाकडे तक्रार करता येत नाही. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच रांगेत. दोघांना पाहण्याच्या रीतीत मात्र तो दर्जा फारसा दिसत नाही.

पाचवा दिवस : तवसाळ ते जयगड

शास्त्री नदीचं मुख. पाहण्यासारखं बरंच आहे, पण आज डोक्यात पूल आहेत. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल बांधायची राज्य रस्ते विकास महामंडळाची योजना आहे. सगळ्यात वजनदार आक्षेप हा : तुमच्या डॉल्फिनसाठी लोकांनी बोटीची वाट पाहत बसायचं का? गडचिरोलीच्या शेजारी राहणाऱ्याने याला उलट उत्तर देऊ नये. दर पावसाळ्यात पर्लकोटा चढते आणि भामरागड तुटतं. सिरोंच्याचे लोक गोदावरीवर पूल होईपर्यंत डोंग्याने कालेश्वरला जात, आणि त्या डोंग्यात बाळंतीण घालून नेणाऱ्याला सुरय पक्ष्यांचं कौतुक सांगायला कुणाची जीभ रेटली नसती. पूल व्हायलाच हवेत. प्रश्न पुलानंतर फेरीचं काय होतं हा आहे. आपल्याकडे पूल झाला की डोंगा काठावर उपडा पडतो आणि ढिवरांकडे उरते ती फक्त मासेमारी.

सहावा दिवस : रायबंदर ते चोडण

पूल आणि फेरी शेजारी नांदू शकतात का, याचं उत्तर गोव्यात मांडवीवर आहे. पणजीचा पूल 1970 चा. तो 5 जुलै 1986 ला कोसळला तेव्हा लोकांना तारलं ते फेरीबोटींनीच. पुढे नवे पूल झाले, 2019 मध्ये अटल सेतूही उभा राहिला, तरी पणजी-बेती फेरी त्यांच्या पायाशी चालूच आहे. थोडं वर रायबंदरहून चोडणला जाणारी फेरी धक्क्याला लागते तिथून डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य चालत गाठता येतं. 1988 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळं कांदळवन. म्हणजे अभयारण्याला जायचं वाहन आणि चोडणकराचं बाजाराला जायचं वाहन एकच. डेकवर दुर्बीण गळ्यात घातलेला माणूस आणि मासळीची पाटी घेतलेली बाई शेजारी उभी. पायी जाणाऱ्याला भाडं नाही. अर्थात तिथल्या फेऱ्या सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या अखत्यारीत आहेत, निव्वळ नफा पाहणाऱ्या मालकाच्या नाहीत, आणि महाराष्ट्रात पुलावरून गाड्या गेल्या की खाजगी फेरीवाला दुसऱ्या दिवशी बोट विकायला काढेल, हा शेवटचा आक्षेप बिनतोड वाटतो. पण फेरीला सगळ्यात महाग पडतात त्या गाड्या, त्यांच्यासाठीच सपाट बूड, लोखंडी फाळका आणि मोठं इंजिन लागतं. गाड्या पुलावर गेल्यावर दाभोळला उरणारी पायी माणसं, सायकली आणि टोपल्या एका साध्या लाँचमध्ये मावतील. धक्के बांधलेले आहेतच, तांडेलही गावातलेच आहेत. पुलाच्या हजारो कोटींत त्या लाँचच्या डिझेलचा आकडा शोधायला भिंग लागेल. तो महाराष्ट्र सागरी मंडळाने आत्ताच, पुलाचे खांब पाण्यात उतरण्याआधी, मांडून दाखवावा.