क्षितिज कोण राखतं?

मोठा विद्युतभार असलेलं कृष्णविवर आजवर कुणाला सापडलेलं नाही, आणि बहुधा सापडणारही नाही. सूर्याच्या वस्तुमानाचं कृष्णविवर फार तर १७ वर १९ शून्यं इतके कूलंब भार पेलू शकेल. पण त्याच्या कितीतरी आधीच ते आसपासच्या वायूतले विरुद्ध भाराचे कण ओढून उदासीन होईल. तरीही मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच वळतो. फिरत्या कृष्णविवरासारखी यालाही दोन क्षितिजं असतात, पण हे पूर्ण गोल असल्यामुळे गणित हाताळता येतं.

भार वाढवत नेला की बाहेरचं आणि आतलं क्षितिज जवळ येत जातात. कमाल भाराच्या सीमेवर ती एकच होतात आणि हॉकिंग तापमान, म्हणजे कृष्णविवराच्या प्रारणाचं तापमान, शून्य होतं. भार त्यापलीकडे गेला तर क्षितिजच उरत नाही, सिंग्युलॅरिटी, म्हणजे जिथे समीकरणंच कोलमडतात ती जागा, उघडी पडते. निसर्ग हे घडू देत नाही, असं अनुमान रॉजर पेनरोझ यांनी १९६९ मध्ये मांडलं: कॉस्मिक सेन्सॉरशिप. १९७३ मध्ये बार्डीन, कार्टर आणि हॉकिंग यांनी कृष्णविवरांना उष्मागतिकीसारखे चार नियम दिले. त्यातला तिसरा म्हणतो, मर्यादित टप्प्यांत शून्य तापमान गाठता येत नाही. मग सेन्सॉरशिपचा पहारेकरी हाच, असं वाटणं साहजिक होतं. सीमा गाठताच येत नसेल तर ओलांडणार कशी? पुण्याच्या आयुकातले नरेश दधिच यांनी के. नारायण यांच्यासह १९९७ मध्ये दाखवलं, की सीमेजवळ जावं तशी आत टाकायच्या कणाला मिळणारी मोकळीक आक्रसत जाते.

पण २०२२ मध्ये गणितज्ञ केले आणि उंगर यांनी तिसरा नियमच खोटा ठरवला. त्यांच्या समीकरणांत भारित क्षेत्र कोसळतं, आधी भाररहित कृष्णविवर बनतं आणि मर्यादित काळात अगदी सीमेवर पोहोचतं. भौतिकशास्त्रज्ञ इस्रायल यांनी १९८६ मध्ये दिलेल्या तिसऱ्या नियमाच्या सिद्धतेत बाहेरचं आभासी क्षितिज, म्हणजे त्या-त्या क्षणी प्रकाश जिथे अडकतो तो पृष्ठभाग, सलग राहतं असं गृहीत होतं. इथे ते उडी घेतं. माझ्या मते या क्षेत्रातला अलीकडचा हा सर्वांत सुंदर निकाल आहे, कारण तिसरा नियम पडूनही क्षितिज शाबूत राहतं.

मग राखण करतं कोण? उत्तराचा धागा जुना आहे. सीमेवरच्या कृष्णविवरात भार ढकलायचा तर विद्युत प्रतिकर्षणावर मात करावी लागते. त्यासाठी लागणारी ऊर्जाच वस्तुमान पुरेसं वाढवते, हे भौतिकशास्त्रज्ञ वॉल्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं. १९९९ मध्ये हुबेनी यांनी सीमेच्या किंचित अलीकडून थेट पलीकडे उडी मारण्याची वाट शोधली. २०१७ मध्ये सॉर्स आणि वॉल्ड यांनी कणाच्या स्वतःच्या क्षेत्राची ऊर्जाही हिशेबात धरली आणि ती वाट बंद झाली. त्यांच्या सिद्धतेचा मुख्य आधार एक अट आहे: क्षितिज ओलांडणाऱ्या पदार्थाची ऊर्जा ऋण नसावी. क्षितिजाचं क्षेत्रफळ घटत नाही, हा दुसरा नियमही याच अटीवर उभा आहे. म्हणून मला खरा पहारा तिसऱ्या नियमापेक्षा या अटीचा वाटतो.

हॉकिंग प्रारण मात्र नेमकी हीच अट मोडतं. त्यामुळे पुंजक्षेत्रं विचारात घेतली की सॉर्स आणि वॉल्ड यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.