गुन्ह्याचा कर्ता

मनुष्य स्वतःच्या कृत्याचा कर्ता असतो, की जन्म, संस्कार, दारिद्र्य आणि प्रसंग यांनी ते कृत्य त्याच्याकडून करवून घेतलेले असते, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी शतकानुशतके तहकूब ठेवला, तरी फौजदारी न्यायालयाला तशी मुभा नाही. तेथे आरोपी पिंजऱ्यात उभा असतो, मुद्देमाल मेजावर मांडलेला असतो आणि निकाल, रडतखडत का होईना, द्यावाच लागतो. माझी हयात सत्र न्यायालयात आरोपींच्या बचावाची वकिली करण्यात गेली असल्यामुळे, मनुष्य खरोखर स्वतंत्र आहे काय यापेक्षा, कायदा त्याचे स्वातंत्र्य कोणत्या मापाने मोजतो याचेच मला कुतूहल वाटत आले आहे.

१८६० च्या दंडसंहितेने मनुष्याला स्वतंत्र गृहीत धरले. सात वर्षांखालील मूल, मनोविकलतेमुळे स्वतःच्या कृत्याचे स्वरूप अथवा अनुचितपणा न उमगणारा, नकळत किंवा बळजबरीने ज्याला नशा चढवली गेली असा, हे आणि असे थोडे अपवाद सोडले, तर बाकीच्यांनी आपापल्या करणीचा जाब द्यावा, अशी तिची धारणा. राजीखुशीने प्यालेल्याला सवलत नाही. २०२४ मध्ये नवी न्यायसंहिता अमलात आली, कलमांचे आकडे बदलले. हे गृहीतक जागच्या जागी आहे.

या मापाचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे नानावटी खटला. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नौदलातील कमांडर नानावटी यांनी तिला व मुलांना चित्रपटगृहात पोचवले, जहाजावर जाऊन खोटी सबब सांगत रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, आहुजाच्या कचेरीत चौकशी केली आणि तो घरी आहे असे कळल्यावर ते तेथे गेले. आहुजाच्या खुनाच्या आरोपातून ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले, तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा बचाव फेटाळताना न्यायालयाने जणू घड्याळच पुढे ठेवले: दुपारी दीडला नानावटी घरून निघाले, गोळ्या झाडल्या गेल्या त्या चार वाजून वीस मिनिटांनी, एवढ्या अवकाशात मनावर ताबा मिळवता येतो. म्हणजे कायद्याच्या लेखी स्वातंत्र्य हा आत्म्याचा गुण नसून विचार करण्यास मिळालेली सवड होय, आणि मला हे माप, त्याच्या सर्व ओबडधोबडपणासह, पटते. मात्र त्याच निकालात प्रक्षोभाची कसोटी म्हणून आरोपीच्याच समाजस्तरातील विवेकी मनुष्य घेतला आहे; कोणत्या गोष्टीने माणसाचे भान सुटावे हे त्याचा स्तर ठरवतो असे एकदा मान्य केले, की परिस्थिती मागल्या दाराने आत आलीच!

ज्या राजवटीने ही संहिता केली, तिनेच पुढे अकरा वर्षांनी, १८७१ मध्ये, अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा अंमल १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत आला, सोलापुरास तारांच्या कुंपणाची वसाहत झाली, आणि फिर्याद नाही, साक्षीदार नाही, जबानी नाही, तरी नोंदवहीत नाव म्हणून रोज हजेरी व बाहेर पडायला परवाना, असे जिणे तेथील लोकांच्या वाट्यास आले. चोरी रक्तातच असेल तर शिक्षा कशाची, आणि निवडीची असेल तर नुकत्याच जन्मलेल्या पोरावर छाप कशाचा, हा साधा पेच त्या कायदेपंडितांना पडू नये, याचे मला नवल वाटते; अथवा नवल तरी कशाला, सरकारी सोयीपुढे तर्कशास्त्र फार काळ टिकत नाही. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. संशय किती उरला ते लक्ष्मण गायकवाडांचा ‘उचल्या’ वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही.

परिस्थितीला पुढल्या दाराने प्रवेश मिळाला तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने: सत्र खटल्यात दोष शाबीत झाल्यावर शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असा दंडक तिने घातला, आणि १९८० च्या बच्चनसिंग निकालाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही विचारात घ्यावा, असे स्पष्ट केले. दोष ठरवताना मनुष्य स्वतंत्र मानावा आणि शिक्षा मोजताना त्याचे पाश पाहावे, ही विभागणी काहींना दुटप्पी वाटते. मला ती योग्य वाटते. तक्रार आहे ती अंमलबजावणीची. निकाल सांगून होतो न होतो तोच आरोपीला विचारणा होते, तो गोंधळलेला असतो, आणि ‘घरी वृद्ध आई, लहान मुले, कमावता मी एकटाच’ हे वाक्य, जे बहुधा खरेच असते, दप्तरात असे काही उतरते की कोणत्याही कैद्याच्या नावापुढे चालावे. तपास अंमलदाराने गोळा केलेले असते ते गुन्हा शाबीत करण्यापुरते; माणूस त्या घटकेपर्यंत कसा पोचला याचा कागद कोणीच केलेला नसतो. म्हणून मी नेहमी मुदत मागत असे. क्वचित ती मिळे, तेव्हा आरोपीच्या गावी कारकून पाठवून शाळेचा दाखला, सावकाराच्या चिठ्ठ्या, दवाखान्याचे केसपेपर मागवी आणि दाखल करी. त्यांनी दोषसिद्धी हलत नसे, हलूही नये; शिक्षेची वर्षे मात्र काही वेळा कमी होत.