जुन्या टाक्यांचा कागद

बसवकल्याण तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या सुना उमरगा, निलंगा, उदगीरकडच्या. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे पहिलं सिझर होतं महाराष्ट्रात आणि दुसऱ्या खेपेला बाई असते कर्नाटकात. माझ्या धाकट्या जावेचं असंच झालं. हातात इथलं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, होतं. पहिल्या सिझरचा डिस्चार्जचा कागद माहेरच्या कपाटात होता.

कातडीवरचा व्रण आडवा असला तरी आत गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा, हे पोट पाहून कळत नाही. ते त्या कागदावरच असतं. खालच्या भागातला आडवा छेद पुढच्या कळांमध्ये उसवण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. अशा पुष्कळ बायका नीट देखरेखीत सुखरूप मोकळ्या होतात. वरच्या भागातल्या उभ्या छेदाचा धोका कितीतरी पटींनी जास्त. तिथे कळांची वाट न पाहता तारीख ठरवून सिझर करतात.

तिच्या कळा पहाटे सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात कळा वाढवायचं औषध सलाइनमधून लागलं. जुने टाके असताना हे औषध फार जपून, बाळाचे ठोके सतत पाहत, लगेच ऑपरेशन करता येईल अशाच ठिकाणी द्यायचं असतं. दुपारी तिला ओटीपोटात काहीतरी फाटल्यासारखं झालं, आणि कळा एकदम थांबल्या. कळा थांबल्या की घरच्यांना हायसं वाटतं. इथे तीच धोक्याची खूण होती. सिस्टरने ठोके पाहिले, ते मंदावले होते. तिचे हातपाय गार पडत चालले. बाहेर रक्त फारसं दिसत नव्हतं, ते पोटात साचत होतं. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त जात असतं. पिशवी फाटली की बाळाच्या वाट्याला मोजकी मिनिटं उरतात.

बिदरचं मोठं रुग्णालय सुमारे ८० किलोमीटर.

१०८ची गाडी हुमनाबादमार्गे निघाली. बिदरला पोहोचेपर्यंत बाळ गेलं होतं. पिशवी शिवण्याजोगी राहिली नव्हती, ती काढावी लागली. माझ्या दिराने आणि गल्लीतल्या पोरांनी रक्त दिलं. ती वाचली.

तिसऱ्या दिवशी तिला पान्हा फुटला. मूल गेलं तरी दूध येतं, हे तिला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. भेटायला येणाऱ्या बाया म्हणत, ‘तू वाचलीस, हेच खूप.’ ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. एकदा हळूच तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, ‘पिशवी गेली, म्हणजे मी म्हातारी झाले का?’ बाई खुर्ची ओढून बसल्या. पाळी येणार नाही, मूल होणार नाही, पण अंडाशय जागच्या जागी आहेत, म्हातारपण लगेच येत नाही, असं त्यांनी सावकाश सांगितलं. औषधांइतकीच तिला या बोलण्याची गरज होती.

२०१८-२० च्या सरकारी आकडेवारीत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू कर्नाटकात ६९, महाराष्ट्रात ३३. त्यात हिची नोंद होणार नाही, ती जगली. कर्नाटकात सिझरने होणारी बाळंतपणं २०१५-१६ मध्ये २३.६ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३१.५ टक्के झाली. म्हणजे जुने टाके घेऊन दुसऱ्यांदा कळा सोसायला येणाऱ्या बायाही वाढणार.

आता आमच्या नणंदेला दिवस गेलेत. तिचं पहिलं सिझर उदगीरचं. माझ्या जावेनेच त्या कागदाचा फोटो मागवून तायी कार्डाला त्याची प्रत जोडली, आणि नववा महिना लागला की बिदरला मावशीकडे राहायला जायचं, हेही तिनेच ठरवलंय.