बॅरोच्या सुताराचे घड्याळ

इंग्लंडात हंबर नदीच्या मुखाशी, दक्षिण काठाला बॅरो हे गाव. जॉन हॅरिसन हा तिथला सुतार. हत्यार धरायला बापाकडे शिकला. गावच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांची मंडळी सांभाळी, घंटा सुरात लावी.

जवळच ब्रॉकल्सबीच्या जमीनदाराच्या घोड्यांच्या पागेवर त्याने १७२२ च्या सुमारास घड्याळ बसवले. चाके ओकच्या लाकडाची! वंगणात धूळ बसली की गाडीचा आख कसा जड होतो, हे आपण जाणतोच. याने फिरत्या जागी मुळातच तेलकट असलेले लाकूड घातले. तेलाचा थेंब नको. ते घड्याळ अजून चालते.

पुढे त्याच्याच घड्याळावरून जहाजांना भर समुद्रात आपला ठिकाणा कळू लागला. सरकारी बक्षिसाची शेवटची रक्कम मात्र १७७३ साली पदरात पडली, तेव्हा म्हातारा ऐंशीचा होता.